बावन्नावं पान

आमच्या संगणक केंद्रात काम केलेल्या निवृत्त लोकांची एक स्मरणिका निघते आहे. तिच्यात मास्तरांवर लिहायला मला सांगितलं गेलं. ‘तुम्ही त्यांच्या सर्वांत जवळचे,’ असं संपादक फोनवर म्हणाले. संपादक म्हणजे आमच्याच केंद्रातला एक जण. मास्तर डबा उघडायला बसले की हा नाकाला रुमाल लावायचा, कारण डब्यात लसणाचा ठेचा असे. आता तोच म्हणतो, ‘काय माणूस होता हो, काळाच्या किती पुढे.’ हल्ली संगणकावर काम करणारी मुलं इंटरनेटवर दर आठवड्याला आपल्या कामाबद्दल लिहितात आणि वर्ष झालं की वाढदिवसासारखं साजरं करतात. ते पाहून आमच्या लोकांना आठवलं की असलं काहीतरी आपल्याकडेही एक जण करत होता, तेही हाताने, पाठकोऱ्या कागदावर. मग ती पानं सगळ्यांनाच आवडत होती असं निघालं.

मला आवडत नव्हती. मास्तरांची पानं आवडत नव्हती आणि मास्तरही आवडत नव्हते. पण त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली, आणि स्मरणिकेत लिहिणाऱ्या एकालाही ते माहीत नाही. तेव्हा गौरव बाकीच्यांनी करावा. मी नोंद दुरुस्त करतो.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. परीक्षांचे निकाल लावून देणारं आमचं लहानसं केंद्र नागपुरात सिव्हिल लाइन्सकडे होतं. एका विद्यार्थ्याचं एक कार्ड. त्या जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून गुण नोंदवायचे, कार्डांचा गठ्ठा यंत्राला खाऊ घालायचा आणि यंत्राने पास-नापास छापायचं. यंत्राची खोली थंड ठेवावी लागे. सगळं शहर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत बसलेलं असताना आम्ही मे महिन्यात स्वेटर घालायचो आणि तेवढ्यावर स्वतःला शास्त्रज्ञ समजायचो. यंत्राला धूळ चालत नसे म्हणून दाराशी जोडे काढायचे. देवळात जाताना मान जितकी खाली जात नसे तितकी आमची तिथे जाई.

त्या दारावर, जोड्यांच्या वरच, मास्तर दर सोमवारी आपलं पान लावत. जागा मुद्दाम निवडलेली. ‘जोड्याची नाडी सोडाले मानूस वाकते, तवा त्याले दुसरं काही पाहाले नसते,’ असं ते म्हणत. त्यावरून त्यांचं नाव तोंडावर मास्तर आणि पाठीमागे जोडेमास्तर पडलं. हे दुसरं नाव मी ठेवलं. स्मरणिकेत कोणी त्याचं श्रेय घेतलं असेल तर ते खोटं आहे.

मास्तर सावनेरजवळच्या खाप्याच्या शाळेत गणित शिकवत होते. कुठेतरी जाहिरात वाचून आमच्याकडे चाचणी द्यायला आले आणि पहिले आले. हे आम्हाला कधी पचलं नाही. आम्ही कॉलेजात विज्ञान शिकलेलो, टाय लावणारे. ते पंचेचाळिशीचे, लांब बाह्यांचा शर्ट पायजम्यावर सोडलेला, पेन्सिल कानावर. रोज पहाटेची एस.टी. धरून खाप्याहून येत आणि संध्याकाळी परत जात. जोडे काढले की मोज्याच्या भोकातून उजव्या पायाचा अंगठा बाहेर दिसे, आणि एखाद्या अवघड प्रश्नावर विचार करताना तो अंगठा आपोआप हलू लागे. अंगठा हलतोय म्हणजे मास्तरांचं यंत्र चालू आहे, असं आम्ही म्हणायचो.

बोली तर त्यांनी कधी बदललीच नाही. मीही नागपूरच्याच जुन्या महाल भागातला. घरी मीही ‘मले’, ‘तुले’च बोलायचो, पण ऑफिसच्या दाराशी ते जोड्यांसारखं काढून ठेवायचो. मास्तर ते पायात घालूनच आत शिरत. बाहेरून पाहुणे आले आणि साहेबांनी ‘आमचे सीनिअर प्रोग्रामर’ म्हणून ओळख करून दिली की मास्तर म्हणत, ‘या जी, बसा. थंडी वाजन जराशी.’ आमच्या माना खाली जात.

पानाचा साचा ठरलेला. यंत्रातून निघालेल्या रद्दी कागदाची कोरी बाजू, पट्टीने आखलेला समास, निळी शाई, शाळामास्तरी गोल अक्षर. वर लिहिलेलं: या आठवड्यातली चूक. खाली तीन कलमं. काय चुकलं. कसं सापडलं. पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. शेवटी पूर्ण नावाची सही. चूक नेहमी स्वतःची. दुसऱ्याचं नाव पानावर कधी आलं नाही, मग तो दुसरा कितीही गाढव असो.

एका पानावर त्यांनी कबूल केलं होतं की बेरजेत शारीरिक शिक्षणाचे गुण दोनदा धरले गेले. दुसऱ्यावर, क्रमांक न घातलेला कार्डांचा गठ्ठा हातातून पडला आणि तो लावण्यात दोन दिवस गेले. यात लिहिण्यासारखं काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. चूक झाली तर गुपचूप दुरुस्त करावी, वर सांगू नये, ही आमची रीत होती. हा गृहस्थ ती सही करून जोड्यांवर टांगत होता. मी चहाच्या वेळी ती पानं कीर्तनकाराच्या आवाजात म्हणून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. स्मरणिकेतले निदान चार लेखक त्या हसणाऱ्यांत होते.

याहून विचित्र त्यांची तपासणी. आम्ही प्रोग्राम लिहिला की तो पंचिंगला, म्हणजे कार्डांवर भोकं पाडायला, पाठवून मोकळे होत असू. मास्तर आधी तो चहावाल्या बाबांना वाचून दाखवत. बाबा साठीचे, निरक्षर, चहाची किटली खाली ठेवून भिंतीला टेकून बसायचे, आणि मास्तर पुढ्यात उकिडवे बसून एकेक ओळ मराठीत सांगायचे.

‘समजा बाबा, एक पोट्टं आलं. त्याले मराठीत पस्तीस भेटले का, पाहाचं.’

‘हो.’

‘भेटले तं पुढं जाचं.’

‘हो.’

‘नाही भेटले तं?’

‘हो.’

मग मास्तर कागद खाली ठेवत. ‘बाबा नुसते हो म्हनून राहिले. म्हंजे म्या कुठंतरी नीट सांगतलं नाही.’ आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा नियमच होता: ऐकणाऱ्याने मान डोलावली तर समजायचं की काम कच्चं आहे, त्याने प्रश्न विचारला तर समजायचं की गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली. एकदा बाबांनी कपात चहा ओतता ओतता विचारलं, ‘अन् त्यानं पेपरच देल्ला नसन तं?’ मास्तरांचा अंगठा हलायचा थांबला. गैरहजर विद्यार्थ्याचा विचार प्रोग्राममध्ये कोणीच केला नव्हता. त्या सोमवारच्या पानावर ‘कसं सापडलं’ या कलमात त्यांनी लिहिलं: चहावाल्या बाबांनी विचारलं म्हणून. साहेबांना ते मुळीच आवडलं नाही. केंद्राची शोभा झाली, असं ते म्हणाले.

‘चालला नं प्रोग्राम, मग झालं,’ असं मी एकदा वैतागून म्हणालो. मास्तर म्हणाले, ‘चालाले काय, बैलबी चालते. कोनाच्या वावरात जाऊन राहिला, ते पाहा लागते.’ मी हे वाक्यही कीर्तनात घातलं.

फेब्रुवारीत त्यांनी पाटीचं पान लावलं. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

विद्यार्थी गैरहजर असला की यंत्र आपल्या आत एक खूण करून ठेवी. निकाल छापला की ती खूण पुसायची आणि मग पुढच्या विद्यार्थ्याचं कार्ड घ्यायचं. मास्तरांच्या हातून एका ठिकाणी पुसायचं राहिलं होतं. तपासणीतच सापडलं, नुकसान काही झालं नाही, पण त्यांनी पान लिहिलं. शाळेत पाट्या कमी असल्या की एकीवर दोघं लिहितात. पहिल्याने पाटी पुसून द्यायची असते, नाहीतर त्याचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर जातं. पाटी पुसा आणि मग पुढच्याच्या हाती द्या. एवढाच मजकूर.

मी बूट काढायला वाकलो, ते वाचलं, खिशातली पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं: ‘हे पहिलीच्या वर्गाला सांगा.’ दुपारी पाहतो तर त्याखाली निळ्या शाईत उत्तर: ‘बरोबर. तिथूनच आणलं.’ पान आठवडाभर तसंच राहिलं.

एप्रिलमध्ये साहेबांना घाई सुटली. निकाल मागच्या वर्षीपेक्षा लवकर लागले पाहिजेत. प्रोग्राम मास्तरांचा, पण तो वेगवान करायचं काम माझ्याकडे आलं. मुंबईला नव्या यंत्राचं शिक्षण घ्यायला केंद्रातून एक माणूस जायचा होता आणि तो मीच असावा अशी माझी धडपड होती. मी हुशारी केली. जो विद्यार्थी एकूण एक पेपरांना गैरहजर, त्याचे गुण तपासत बसायचं कशाला? त्याच्यासाठी मी वेगळी जवळची वाट काढली: ‘गैरहजर’ छापा आणि थेट पुढच्या कार्डाकडे जा. त्या वाटेवर खूण पुसायची ओळ मी घातली नाही. विसरलो, असंही म्हणवत नाही. विसरायला आधी ते कधी मनावर घेतलेलं असावं लागतं, आणि मी त्या पानावर पेन्सिल चालवली होती.

बदल झाला की दुसऱ्याने तपासून सही करायची पद्धत होती. मास्तर कागद घेऊन आले. ‘बाबाले वाचून दाखवला का गा?’

‘मास्तर,’ मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘ही काय सत्यनारायणाची कथा आहे?’

खोली हसली. मास्तरही हसले, जरासे ओशाळून, आणि त्यांनी सही केली. वर्षभरात बाबांना न ऐकवता त्यांनी केलेली ती एकच सही.

जूनमध्ये निकाल लागला. साहेबांनी पेढे वाटले. तिसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. परीक्षा दिलेली मुलं, निकालात सर्व विषयांना गैरहजर. कोणी कामठीचं, कोणी काटोलचं. तीसेक निघाली.

उमरेडहून एक बाप मुलीला घेऊन आला. त्याने हॉल तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न घालता आणलं होतं. त्यावर प्रत्येक पेपराला पर्यवेक्षकाची सही होती. मुलगी शिक्षिका व्हायच्या कोर्सला जाणार होती आणि अर्जाची मुदत आठवड्यावर आली होती. त्यांना दाराबाहेरच बसवलं. मुलगी जोड्यांशेजारच्या बाकावर बसून मास्तरांचं पान वाचत होती. मी आत-बाहेर करत होतो. तिने शिपायाला विचारलं, ‘ह्या चुका कोनाच्या जी?’

‘मास्तरच्या. दर हप्त्याले लावते.’

तिने पुन्हा वर पाहिलं. ‘मंग माहीबी त्यायचीच असन.’

मी तिथून दोन हातांवर होतो. आत निघून गेलो. पुढे ऑफिसात जे घडलं त्यात या मुलीच्या पलीकडची अक्कल कोणी दाखवली नाही. तिला निदान माहीत नव्हतं.

मास्तरांनी चूक तासाभरात शोधली. त्यांनी निकालाचा कागद घेतला आणि चुकीने गैरहजर झालेल्या प्रत्येक मुलाच्या आधीचा क्रमांक पाहिला. प्रत्येकाच्या आधी एक खरोखरचा गैरहजर होता. मग ते माझ्या टेबलाशी आले. अंगठा स्थिर होता.

‘वाट तुही हाये,’ ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

मी त्यांना जिन्यात घेऊन गेलो. मुंबईचं सांगितलं, लग्नाचं बोलणं चाललंय ते सांगितलं, साहेबांना नाव कळू देऊ नका म्हणालो. हात जोडले की नाही ते आठवत नाही, जोडले असणार.

‘म्या पानावर दुसऱ्याचं नाव घालतच नाही,’ मास्तर म्हणाले. ‘तू लिव. तुह्या हातानं. वर्ष पुरं होऊन राहिलं. बावन्नाव्या पानावर म्या मांगचं सारं वळून पाहनार होतो, काय कळलं अन् काय नाही ते. ते पुढच्या सोमवारी. या सोमवारी तू लिव, म्या लावतो. लिवून टाकलं का हलकं होते गा.’

मी लिहीन म्हणालो. शनिवारी म्हणालो, रविवारी रात्री घरी पोटदुखीचं नाटक केलं, आणि सोमवारी रजा टाकली.

मंगळवारी आलो तर दारावर पान नव्हतं. चार टाचण्यांची भोकं होती. काय झालं ते शिपायाने सांगितलं. सोमवारी मास्तर अकरापर्यंत माझी वाट पाहत बाकावर बसले. मग त्यांनी पिशवीतून कागद काढून स्वतःचं पान लिहिलं आणि लावलं. ते त्यांचं एकावन्नावं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. काय चुकलं: निकालाच्या प्रोग्राममधला बदल मी नीट न तपासता सही केली. लोक हसतील म्हणून बाबांना वाचून दाखवला नाही. खाली पूर्ण नाव. बदल कोणी केला, ते लिहिलेलं नव्हतं.

साहेबांनी ते वाकून वाचलं आणि टाचण्यांसकट उपटलं. वरून चौकशीचा फोन आलेला होता, त्यांना एक नाव हवं होतं. मला बोलावलं तेव्हा पान त्यांच्या टेबलावर काचेच्या वजनाखाली होतं.

‘इसने तो खुद लिख के दिया है,’ ते म्हणाले. ‘अपने को और क्या ढूंढना?’

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, ‘येस सर.’

मग साहेबांनी मास्तरांच्या कपाटातली फाइल मागवली. वर्षभराची सगळी पानं मास्तरांनी दोऱ्याने शिवून ठेवली होती. साहेबांना त्यांचा इंग्रजीत आढावा हवा होता. चौकशी समितीतल्या दोघांना मराठी येत नव्हतं. इंग्रजी माझं चांगलं. मी दोन दिवस बसून तो आढावा लिहिला. एका वर्षाच्या लेखनाकडे वळून पाहण्याचं जे काम मास्तर स्वतः करणार होते, ते मी केलं. प्रत्येक पानातून पहिलं कलम घेतलं: काय चुकलं. दुसरं आणि तिसरं सोडून दिलं. कसं सापडलं आणि काय दुरुस्त केलं, हे समितीला कशाला. त्यामुळे पन्नास चुका, ज्यांतली एकही केंद्राबाहेर गेली नव्हती, त्या ओळीने अशा उभ्या राहिल्या की वाचणाऱ्याला वाटावं, या माणसाला शाळेतून काढलं होतं की काय. भाषा निर्दोष होती. साहेबांनी एक स्वल्पविरामही बदलला नाही.

फेब्रुवारीचं पान आलं तेव्हा समासात माझी पेन्सिल होती. मी रबर घेतलं आणि ते पुसलं. मास्तरांचं शाईतलं उत्तर पुसता आलं नाही. ‘बरोबर. तिथूनच आणलं’ असं ते एकटंच राहिलं, कोणालाच न दिलेल्या उत्तरासारखं.

हे सगळं आणखी एका व्यक्तीला माहीत होतं. शहरातल्याच इंदोरा वस्तीतून सायकलवर येणाऱ्या पंचिंगच्या बाई. माझा हाताने लिहिलेला बदल त्यांनीच कार्डांवर चढवला होता. त्या माझ्याकडे आल्या आणि टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

‘ते शीट माह्या हातून गेली, भाऊ. अक्षर कोनाचं होतं ते मले ठाऊक हाये. तुमी सांगता, का मी सांगू?’

मी त्यांना विचारलं, ‘बाई, तुमची नोकरी अजून पक्की झाली नाही, नाही का?’

बाईंनी हात टेबलावरून काढून घेतले. ‘आमाले वाटे, फक्त मोठेच लोक असे बोलतेत,’ एवढं म्हणून त्या गेल्या. पुढे चौदा वर्षं त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. कधी चूक केली नाही आणि कधी हसल्याही नाहीत.

मास्तरांना यंत्राच्या खोलीत यायची मनाई झाली. मागच्या शेडमध्ये कागदाच्या गठ्ठ्यांवर लक्ष ठेवायला बसवलं. तिथे टिनाखाली दुपारी भट्टी पेटे. पानं लावायची बंदी झाली, तशी लेखी नोटीस त्याच दारावर, त्याच भोकांत टाचण्या घालून लागली. दिवाळीच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. शाळेतली जागा केव्हाच भरली होती; खाप्याला ओसरीवर शिकवण्या घेऊ लागले, असं कळलं. चौकशीच्या वेळी त्यांना विचारलं होतं की बदल तुम्हीच केला का. ते म्हणाले, ‘सही माही हाये.’ बदल कोणाचा, असं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, ‘ज्याचा हाये तो लिवून देनार हाये.’ समितीने हे उद्धट उत्तर म्हणून नोंदवलं. चांगुलपणाचा हा हट्टीपणा मला तेव्हा मूर्खपणा वाटला. आजही थोडा वाटतो. माझ्यासारख्यावर त्यांनी भरवसा ठेवला, ही मास्तरांची त्या वर्षातली सर्वांत मोठी चूक, आणि ती कुठल्याच पानावर नाही.

तीस मुलांचे निकाल पंधरवड्यात दुरुस्त झाले. उमरेडच्या मुलीच्या अर्जाची मुदत तोवर गेली होती. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. माहीत करून घेता आलं असतं. उमरेड काही विलायतेत नाही.

मी मुंबईला जाऊन आलो. मग साहेब झालो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी पाटीची गोष्ट सांगायचो, एकीवर दोघं लिहितात ती. मुलं वहीत उतरवून घ्यायची. ही गोष्ट कुठली, असं एकाने विचारलं तर म्हणालो, अनुभवातली.

पाच-सहा वर्षांनी मास्तर गणेशपेठच्या एस.टी. स्टँडवर भेटले. माझ्या हातात ब्रीफकेस, त्यांच्या हातात खडूचे खोके. सावनेरच्या गाडीला वेळ होता. मी लपायला खांब शोधत होतो, पण त्यांनी आधीच पाहिलं.

‘साहेब झाला म्हने.’

‘हो मास्तर.’

‘बरं झालं.’ ते खरंच तसं म्हणत होते. टोमणा मारता येत असता तर मला सोपं गेलं असतं. मग खोके एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत त्यांनी विचारलं, ‘ते पान लिवलं का गा?’

‘वेळ नाही मिळाला.’

‘लिव. माहं काही नाही आता. पन पुसल्याबिगर ते खून तशीच राह्यते, अन् लागते भलत्यालेच. तुले तं माहीत हाये.’

गाडी लागली. खिडकीशी बसून त्यांनी खोके मांडीवर ठेवले आणि बाहेर पाहिलं नाही. त्यांना काही मला हात हलवून निरोप द्यायचा नव्हता.

गेल्या वर्षी ते वारले. स्मरणिका त्यांच्या नावे आहे.

तेव्हा हे पान.

काय चुकलं: सर्व पेपरांना गैरहजर राहिलेल्यांसाठी मी वाट काढली आणि खूण पुसली नाही. मग सोमवारी मी स्वतः गैरहजर राहिलो, आणि ती खूण माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला लागली. त्याच्या वर्षभराच्या पानांतून मी अर्धं गाळून त्याच्यावरचं आरोपपत्र लिहिलं. पेन्सिलीचं अक्षर खोडलं. एका बाईचं तोंड तिच्या पोटावर पाय देऊन बंद केलं.

कसं सापडलं: पहिल्या तासातच सापडलं होतं.

पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं: हे कलम मी तीन वेळा लिहून फाडलं. कोरं ठेवतो.

छापायला देण्यापूर्वी काल हे सगळं मी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना वाचून दाखवलं. त्या पोळ्या लाटत होत्या. संगणकाचं त्यांना काही कळत नाही. कार्डांपाशी ‘हो’ म्हणाल्या, पाटीपाशी ‘हो’ म्हणाल्या, एस.टी. स्टँडपर्यंत ‘हो’च म्हणत होत्या. मला वाटलं, काम कच्चं राहिलं. कागदाची घडी घालत होतो तर लाटणं थांबलं.

‘मंग तवाच, स्टँडवरच, त्यायच्या संगं गाडीत बसून खाप्याले काहून नाही गेले, काका?’

मास्तरांच्या नियमाने पाहिलं तर पान बरोबर उतरलं आहे.